तेहतिसावा रंग

"जावईबापूला स्वेटर विणायलेय," असं पंचफुलाबाईंनी जाहीर केलं तेव्हा नायगावात बेचाळीस डिग्री ऊन होतं आणि शेषेराव बनियनवर बसून पेपरनं वारा घेत होते.

"मे महिन्यात?"

"धोंड्याचा महिना काय मला इचारून आलाय? जावयाला जाळीदार वाण द्यावं लागतंय. अनारसे झाले, बत्तासे झाले. स्वेटरला काय कमी भोकं असतेत?"

पंचायत समितीत एकतीस वर्षं कारकुनी केलेल्या शेषेरावांनाही या मुद्द्यात खोट सापडेना. धोंड्याचं वाण तेहतीस नगांचं, म्हणून स्वेटरला रंगही तेहतीस येणार होते. एका रंगाचा एक पट्टा, त्यावर शेजारच्या रंगाचे ठिपके. लोकर विकत आणायची नव्हती. दिवाणाखाली उरल्यासुरल्या लोकरीचं बोचकं होतं, त्यात घरातल्या प्रत्येकाच्या स्वेटरातलं थोडं थोडं साठलेलं होतं. "घरादाराची ऊब जाईल पोरासंगं," असं म्हणताना पंचफुलाबाईंचा आवाज जरा हलला. लेकीच्या, सृष्टीच्या लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा होता.

बोचक्यात रंग निघाले सव्वीस. मग उसवणं सुरू झालं. टीव्हीवरच्या झाकणातून दोन रंग मिळाले, दाराच्या तोरणातून दोन, स्कूटरच्या सीटकव्हरातून एक. शेवटी देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाच्या अंगातला पिवळा स्वेटर उतरला.

"उकडायलंय त्याला," पंचफुलाबाई म्हणाल्या.

मग जावयाला काय होईल, हा प्रश्न शेषेरावांनी गिळला.

बत्तीस पट्टे झाले. राहिली गळ्याची पट्टी. पंचफुलाबाईंची नजर घरभर फिरून खुंटीवर थांबली. तिथं शेषेरावांची मरून रंगाची कानटोपी होती, वर गोंडा असलेली. लग्नाच्या पहिल्या थंडीत पंचफुलाबाईंनीच ती विणली होती. शेषेरावांचे केस गेले, नोकरी संपली, टोपी मात्र टिकली. तिच्यावर त्यांचा जीव होता. हे त्यांनी बायकोला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं, आणि आता एकदम सांगायची लाज वाटत होती. बायको चहा टाकायला आत गेली, तेवढ्यात त्यांनी टोपी उचलली आणि बंद पडलेल्या कूलरच्या मागच्या जाळीतल्या गवतात दडपून टाकली.

"टोपी कुठंय तुमची?"

"पडली असंल बाजारात."

"मे महिन्यात कानटोपी घालून बाजारात कोण जातंय?"

"अगं, मी लोकरीचा एक गुंडा आणून देतो की."

"नको. इकतची ऊब नको मला." पंचफुलाबाईंनी नवऱ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं आणि गळ्याचे टाके दोऱ्यात ओवून ठेवले.

जावई सुदर्शन लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. स्वभावानं गरीब. ओवाळून झालं, सासूनं स्वेटर पुढं केला आणि त्यानं मुकाट्यानं तो अंगात घातला. इंद्रधनुष्यालाही जमले नाहीत इतके रंग त्याच्या पोटावर गोळा झाले होते.

"कसा वाटतोय?"

"छान हाय, मामी. भोकातून हवा खेळती राहते," सुदर्शन म्हणाला. कपाळावरचा घाम तुपाच्या वाटीत पडू नये म्हणून तो मान मागं टाकून पुरणाचे धोंडे खात होता. सृष्टी ओढणीत तोंड लपवून हसत होती.

"कूलर लावते," पंचफुलाबाई म्हणाल्या. "सकाळीच वायरमन रामकिशनला बोलावून वायर बदलून घेतली."

शेषेरावांच्या हातातला धोंडा ताटात पडला. "कूलर कशाला? ओला वारा बाधतोय!"

"बाधू द्या, मामा!" सुदर्शन कळवळून म्हणाला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तो सासऱ्याच्या विरोधात बोलला होता.

"नको म्हणतो ना."

"का पण?"

शेषेरावांनी तोंड उघडलं आणि त्यात धोंडा घातला. पंचफुलाबाईंनी क्षणभर वाट बघितली. मग बटण दाबलं.

कूलर घरघरला, खोकला, आणि त्याच्या जाळीतून एक मरून धागा बाहेर आला. मागोमाग वीतभर आला, हातभर आला. टोपीचा गोंडा पंख्यात सापडला होता आणि टोपी आपली आपणच उसवत होती. धागा हवेत लहरत आला आणि थेट जावयाच्या नाकावर बसला.

पंचफुलाबाई उठल्या, धाग्याचं टोक धरलं आणि शांतपणे गुंडा करायला लागल्या. "चला, उसवायचं काम वाचलं."

मुहूर्त टळू नये म्हणून गळ्याची पट्टी जावयाच्या अंगावरच विणायचं ठरलं. चार सुया गळ्याभोवती लागल्या. "हलू नका, जावईबापू. टोचायलंय का?"

"नाही मामी," सुदर्शन डोळे मिटून म्हणाला. "लोकर ओली हाय ना, लई गार वाटायलंय. आणखी दोन ओळी घाला."

तेहतीस रंग लातूरला गेले. शेषेराव दोन दिवस रिकाम्या खुंटीकडं बघत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"पहिल्या थंडीतली होती गं ती."

"ठावं हाय मला. अन् कुठं होती तेबी ठावं होतं. रामकिशन वायर बदलताना गोंडा दिसला गवतात."

"मग काढून का नाही घेतलीस?"

"तुम्ही लपवलेली वस्तू मी कशी काढू? मला वाटलं, कूलर लावते म्हणलं की तुम्हीच सांगसाल, टोपी माझ्या जिवाची हाय म्हणून. एवढं म्हणला असतात तर माझी शाल उसवली असती. तुम्ही धोंडा चावत बसलात."

शेषेरावांना खरंच वाईट वाटलं. पंचफुलाबाईंनी दिवाणाखाली हात घातला आणि उरलेल्यातून उरलेल्या लोकरीची एक टोपी काढून त्यांच्या डोक्यावर घट्ट बसवली. तीत तेहतीसच्या तेहतीस रंग होते आणि वर मरून गोंडा होता. शेषेरावांनी आरशात बघितलं. ही घालून सकाळी फिरायला निघालो तर गावातली कुत्री मागं लागतील, असं त्यांना वाटलं. पण या वेळी ते गप्प बसले नाहीत.

"लई आवडली," ते म्हणाले. बाहेर त्रेचाळीस डिग्री होतं. "कुठं ठेवू?"

"कूलर सोडून कुठंबी."