कुरडयांसाठी अर्जित रजा

जबलपुरातल्या महाराजपूरचे बाबाराव गजभिये एप्रिलअखेर सन्मानपूर्वक सेवानिवृत्त झाले, ही गोष्ट त्यांचं कार्यालय सोडून बाकी सर्वांना माहीत होती.

तसं कार्यालयानं काही कमी केलं नव्हतं. शाल दिली, नारळ दिला, हार घातला. ‘यांची उणीव भासेल’ असं दोघातिघांनी भाषणात सांगितलं आणि ते सांगताना वाक्य चुकू नये म्हणून फोनमध्ये पाहून सांगितलं. बाबारावांनीही रीतसर चार्ज दिला: कपाटाची किल्ली, गोल शिक्का, चौकोनी शिक्का, आणि पाण्याचा माठ त्यावरच्या झाकणासकट. राहून गेलं ते एवढंच, की ‘प्याऊ परिवार’ नावाच्या ऑफिसच्या ग्रुपमधून त्यांना काढायचं कुणाला सुचलं नाही. चार्जच्या कागदावर माठाचा रकाना होता, ग्रुपचा नव्हता.

प्याऊ म्हणजे पाणपोई. बाबाराव ज्या कार्यालयात बडे बाबू, म्हणजे मुख्य कारकून, होते, त्याचं नाव संभागीय, म्हणजे विभागीय, प्याऊ नियंत्रण कार्यालय. लोकांना पाणी पाजणं हे त्याचं काम नव्हतं. पाणी पाजलं जात आहे किंवा कसे, याची माहिती मागवणं हे त्याचं काम होतं. वरून माहिती मागवली जाई, खालून ती येत नसे, आणि या दोन्हींच्या मधोमध बडे बाबू बसत.

ग्रुपमधून कुणालाही काढायचं तर बडे बाबूंनी तसा प्रस्ताव ठेवावा, असा नियम होता. तो नियम बाबारावांनीच केला होता. आता स्वतःला काढण्याचा प्रस्ताव स्वतःच ठेवायचा, इतका आगाऊपणा त्यांनी साऱ्या नोकरीत कधी केला नव्हता. शिवाय आपण होऊन बाहेर पडलं, की ‘बाबाराव बाहेर पडले’ अशी ओळ सगळ्यांना दिसते. ती त्यांना फरार झाल्याच्या नोटिसीसारखी वाटे.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी, ऑफिस उघडायच्या वेळी, ते दिवाणावर लोळत असताना फोन वाजला. ग्रुपवर विचारणा होती: ‘नेपियर टाउन के प्याऊ की स्थिति बताएं.’

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. बाबाराव उठून बसले. त्यांनी चष्मा लावला. जनावराच्या पाठीवर माशी बसली की कातडी जशी आपोआप थरथरते, तसा त्यांचा अंगठा हलला आणि त्यानं लिहिलं: ‘कार्यवाही प्रचलन में है.’ म्हणजे काम चालू आहे. कोणतं काम, कुठं आणि कोण करतं, याचा या वाक्याशी संबंध नसतो. त्यातच त्याचं सामर्थ्य आहे. हे वाक्य त्यांनी आधी टाकानं, मग टाइपरायटरनं, मग संगणकावर लिहिलं होतं. साहेबांचा अंगठा आला. काम झालं.

“काय करून राहिले?” बायकोनं, इंदिराबाईंनी, स्वयंपाकघरातून विचारलं.

“ऑफिस.”

“तुम्ही तं रिटायर झाले न?”

“झालो. पण साहेब विचारून राहिले.”

त्या दिवसापासून बाबारावांची ड्यूटी दिवाणावर सुरू झाली. ते आंघोळ करून, पँट चढवून, ठरल्या वेळी बसत. इंदिराबाई झाडायला आल्या की पाय वर घेत, पण नजर उचलत नसत. दुपारी त्यांना डबा लागे. ताट वाढलं तर ऑफिसात जेवल्यासारखं वाटत नाही म्हणून इंदिराबाई चुलीपाशी डबा भरत आणि दिवाणावर आणून देत. घरगुती विषय कार्यालयीन वेळेनंतर काढावा, असं त्यांना एकदा सौम्य शब्दांत समजावण्यातही आलं.

आठवडा भरायच्या आत साहेब बदलून गेले आणि वसुधा मॅडम आल्या. मॅडम तरुण होत्या, हुशार होत्या आणि कर्मचाऱ्यांना ग्रुपवरून ओळखत. खुर्चीवर कोण बसतं यापेक्षा उत्तर कोण देतं, याला त्या महत्त्व देत. आठवड्याभरात त्यांनी जाहीर केलं, की बाबाराव जी हे कार्यालयाचे सर्वांत सक्रिय कर्मचारी आहेत आणि इतरांनी त्यांचा आदर्श घ्यावा. इतरांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. बाबारावांनी तो मजकूर इंदिराबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. इतक्या वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते नोकरी संपल्यावर, याचं त्यांना थोडं वाईट वाटलं. पण थोडंच.

बडे बाबूंच्या खुर्चीवर श्रीरंग नावाचा नागपूरकडचा पोरगा आला होता. त्यानं फोन केला.

“काकाजी, एक सांगू? तुम्ही चालू ठेवा. तुमच्या भरवशावर आहे आम्ही.”

“अरे, पण तू बडे बाबू न आता? तू काहून नाही देत उत्तर?”

“आम्ही बी दिवसभर ऑनलाइनच राहतो, काकाजी. पण दुसरीकडं.”

आता इंदिराबाईंचं. त्यांची धाकटी बहीण शकु गोंदियाला राहायची. नवरा वारला होता, पोरी सासरी होत्या, आणि दोन वर्षांपासून शकुचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. दोघी बहिणींनी मिळून कुरडया केल्या होत्या त्या माहेरी, लग्नाआधी. त्यानंतर दर उन्हाळ्यात इंदिराबाई म्हणत, यंदा जाऊ, आणि दर उन्हाळ्यात बाबाराव म्हणत, उन्हाळ्यात प्याऊवाल्याला सुट्टी कोण देते. शेवटी ठरलं होतं: रिटायर झाल्यावर. सोऱ्या दाबायला जोर लागतो. तो बाबारावांनी लावायचा. शकुनं त्यासाठी मदतीला येणाऱ्या शेजारणीला नाहीही म्हणून ठेवलं होतं.

मेच्या मध्यावर शकुचा फोन आला. “बाई, गहू भिजवले मी. आता मागं-पुढं नको करजो. भाऊजीले सांग, तीन दिवस भिजतीन, मग वाटाचे. चीक कोणासाठी थांबत नाही.”

इंदिराबाईंनी कार्यालयीन वेळ संपायची वाट पाहिली आणि निरोप सांगितला. बाबाराव विचारात पडले. “अर्ज टाकावा लागते,” ते म्हणाले.

“कोणाले?”

“मॅडमले. असं न सांगता कसं जाता येईल?”

इंदिराबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. पण इतकी वर्षं ज्या माणसाशी संसार केला, त्याच्याशी वाद कुठं घालायचा आणि कुठं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. “टाका मंग,” त्या म्हणाल्या.

बाबारावांनी सविनय अर्ज टाकला: साळीच्या घरी कुरडयांचे कार्य असल्याने अर्जित रजा मिळावी. मॅडमचं उत्तर तासाभरात आलं. ग्रीष्मकाळ हा विभागाचा व्यस्त काळ असून सर्वांत सक्रिय कर्मचाऱ्यास सोडता येणार नाही. शेवटी हात जोडल्याचं चित्र होतं, कारण मॅडम स्वभावानं चांगल्या होत्या.

गव्हाचं पहिलं पाणी बदललं, तेव्हा बाबारावांनी श्रीरंगला फोन लावला. श्रीरंगनं आपुलकीनं रेकॉर्ड काढून पाहिलं.

“काकाजी, मी जोर लावला असता. पण तुमच्या खात्यात सुट्टीच शिल्लक नाही.”

“काहून? मी तं एकही घेतली नाही.”

“तुम्ही रिटायर झाले न. रिटायर माणसाचं सुट्टीचं खातं बंद होते.”

“मग मॅडमले सांग न, मी रिटायर आहे म्हणून.”

“आणि त्यांनी विचारलं की मग एवढे दिवस उत्तरं कोणी दिली, तर? माझी नवी नोकरी आहे, काकाजी.”

“बरं, मग मी राजीनामा देतो.”

“नोकरीत नसलेल्या माणसाला राजीनामा देता येत नाही.”

“स्वेच्छानिवृत्ती?”

“ती रिटायर व्हायच्या आधी घ्यावी लागते.”

“मग श्रीरंग, मी आहो तरी काय?”

पलीकडे श्रीरंगनं प्रामाणिकपणे विचार केला. “तुम्ही ऑनलाइन आहे, काकाजी.”

दुसरं पाणी बदललं. शकुचा फोन आला, की गव्हाला वास सुटला आहे, चांगला आंबट, आणि उद्या वाटायला बाई सांगितली आहे. इंदिराबाईंनी पिशवीत दोन साड्या टाकल्या. ती पिशवी पाहून बाबारावांना धीर आला की भीती वाटली, सांगता येत नाही, पण ते उठले, बूट घातले आणि स्वतः ऑफिसात गेले.

मॅडम फोनमध्ये पाहत होत्या. बाबाराव टेबलासमोर उभे राहिले.

“मैडम, मैं बाबाराव गजभिये.”

मॅडमनी मान वर केली नाही. “बाबाराव जी तो अपनी सीट पर हैं. ऑनलाइन दिख रहे हैं.”

“वही मैं हूँ. मैं रिटायर हो गया हूँ, मैडम.”

आता मॅडमनी वर पाहिलं. समोर एक घामेजलेला, पांढऱ्या केसांचा गृहस्थ होता. “रिटायर हो गए, तो आप बाबाराव जी कैसे हुए? उनका जवाब तो आज सुबह भी आया है.” मग त्यांना दया आली. “बैठिए. रिटायर्ड लोगों के मामले बड़े बाबू देखते हैं. मैं उनको बोल देती हूँ.”

मॅडमच्या लेखी बडे बाबू बाबाराव जीच होते. त्यांनी टाइप केलं. बाबारावांच्या खिशात फोन वाजला. मॅडमनी लिहिलं होतं: ‘बाबाराव जी, एक रिटायर्ड सज्जन आए हैं. परेशान लगते हैं. देख लें.’

बाबारावांनी ते दोनदा वाचलं. त्यांना त्या सज्जनाबद्दल मनापासून वाईट वाटलं. आणि तेवढ्यात त्यांचा अंगठा हलला: ‘जी मैडम, कार्यवाही प्रचलन में है.’

मॅडमचा फोन वाजला. त्यांचा चेहरा उजळला. “देखिए, जवाब भी आ गया. इतना फास्ट काम कहीं होता है?”

होत नाही, हे बाबारावांना मान्य करावं लागलं.

घरी येऊन ते दिवाणावर टेकले. “काय म्हणे मॅडम?” इंदिराबाईंनी विचारलं.

“केस माझ्याकडेच पाठवली.”

“मग तुम्ही काय केलं?”

बाबाराव छताकडे पाहू लागले. इंदिराबाई काय समजायचं ते समजल्या. त्यांनी पिशवीला गाठ मारली. “मी सकाळच्या गाडीनं जाऊन राहिली. माझ्या बहिणीचा हात वर जात नाही आणि तुमचा खाली येत नाही. तुमचं ऑफिस कुठं आहे, ते तरी सांगा एकदा.”

“म्हणजे?”

“ह्या दिवाणात आहे, का खिशात?”

“खिशात,” बाबाराव म्हणाले.

“मग खिसा घेऊन चला.”

परवानगीवाचून मुख्यालय सोडण्याचा गुन्हा बाबारावांनी त्या सकाळी आयुष्यात पहिल्यांदा केला. गोंदियाच्या गाडीत ते खिडकीशी बसले खरे, पण नैनपूरच्या अलीकडे जंगलात नेटवर्क गेलं, तेव्हा त्यांच्या अंगाला घाम फुटला. इंदिराबाईंनी त्यांना भाकरीचा तुकडा दिला. सागाची झाडं दाखवली. ती त्यांनी पाहिली, पण रजेवर नसलेल्या माणसानं पाहावी तशी, चोरून.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शकुच्या गच्चीवर चूल पेटली. शकु डाव्या हातानं चीक ढवळायला लागली, इंदिराबाईंनी जुनी धोतरं अंथरली, आणि सोऱ्या बाबारावांच्या हाती आला. सोऱ्या दोन्ही हातांनी धरावा लागतो, ही गोष्ट त्यांना कुणी आधी सांगितली नव्हती. चीक गरम असतो, चिकट असतो, आणि कुरडई पाडताना थांबलं तर तार तुटते. पहिल्या काही कुरडया प्याऊ विभागाच्या नकाशासारख्या पडल्या. शकु हसून लोटपोट झाली. “भाऊजी, ह्या आपण मंत्र्याले पाठवू.” मग हळूहळू त्या गोल यायला लागल्या.

ऑफिस उघडायच्या वेळी फोन वाजला. बाबारावांनी सोऱ्या ठेवून बोट पुढं केलं. बोटाला चीक होता. फोननं ते बोट ओळखलं नाही. दुसरं बोट लावलं, तेही नाही. फोन पुन्हा वाजला.

“वाजू द्या,” इंदिराबाई म्हणाल्या. “चीक थंडा होऊन राहिला.”

बाबारावांनी सोऱ्या उचलला. मनातल्या मनात त्यांनी ऑफिस कोसळताना पाहिलं, मॅडम घाबऱ्याघुबऱ्या झालेल्या पाहिल्या, जबलपुरातले तहानलेले लोकही पाहिले. पण हात थांबवले नाहीत. दुपार व्हायच्या आत पातेलं रिकामं झालं. सारी गच्ची पांढऱ्या चकत्यांनी भरली होती. बाबाराव तिच्याकडे पाहत राहिले. एखादं काम सुरू होऊन संपूही शकतं, हे त्यांच्या नोकरीत कधी घडलं नव्हतं. शकुनं आपला दुखरा हात डाव्या हातानं धरून त्यांच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला. इंदिराबाईंनी पदरानं त्यांच्या कपाळाचा घाम पुसला, तोही बहिणीच्या देखत.

संध्याकाळी हात धुऊन त्यांनी भीत भीत फोन उघडला. मॅडमची विचारणा होती. खाली उत्तर होतं: ‘कार्यवाही प्रचलन में है.’ त्याखाली मॅडमचा अंगठा. उत्तर देणाऱ्याचं नाव होतं नथ्थूलाल. नथ्थूलाल आवक-जावक पाहायचे. बाबारावांनीच त्यांच्या निवृत्तीला हार आणला होता, पाच-सहा वर्षांपूर्वी. ते आता मझौलीला मुलाच्या शेतात राहत.

बाबारावांनी ग्रुप मागं सरकवत नेला. आजवर त्यांनी फक्त स्वतःची उत्तरं वाचली होती. आता इतरांची पाहिली. एक दयाराम, निवृत्त. एक भैयालाल, निवृत्त. एक लहानू, जो ड्रायव्हर होता आणि गाडी लिलावात गेली त्याच वर्षी घरी बसला होता. नोकरीत असलेल्यांपैकी एकाचंही नाव उत्तरांत कुठं सापडलं नाही. अवघं प्याऊ नियंत्रण गावोगावचे म्हातारे दिवाणावर बसून, चष्मा पुसत, नातवंडांना ओरडत सांभाळत होते. बाबारावांना एकदम हलकं वाटलं. त्यांनी शकुला सांगितलं की आपण महिनाभर राहू, उद्या पापडाचंही पाहू.

म्हणून, तुमचा एखादा अर्ज कुठं अडकला असेल आणि त्यावर काम चालू असल्याचं उत्तर आलं असेल, तर त्या कार्यालयाला नावं ठेवू नका. उत्तर देणारा माणूस कष्टाचा आहे आणि त्याला पगार नाही. आणि भरदुपारी हे एवढं सगळं निवांत वाचायला ज्या अर्थी तुम्हाला सवड मिळाली, त्या अर्थी तुमच्या खुर्चीचं काम सध्या कोणत्या गावचे आजोबा करून राहिले, तेवढं एकदा त्यांना फोन करून विचारा. त्यांना कधीपासून सुट्टी हवी असेल.