मापवाले हिरामण आप्पा

आमच्या पेट्रोल पंपावर दर महिन्याला एक माणूस येतो आणि मशीनसमोर गुडघे टेकतो. नवीन गिऱ्हाइकांना वाटतं, नवस फेडतोय. जुन्यांना माहीत आहे की हे हिरामण आप्पा. पंपांची मापं तपासून दुरुस्त करण्याचं लायसन असलेले आमच्या भागातले जुने कारागीर.

त्यांच्याकडे पाच लिटरचं एक माप आहे, खाली रुंद, वर निमुळत्या गळ्याचं. गळ्यावर बारीक रेघा. मशीनच्या काट्यावर पाच लिटर आले, की मापातलं पेट्रोल बरोबर मधल्या रेघेला टेकलं पाहिजे. डोळा रेघेच्या पातळीत आणायचा म्हणून आप्पा गुडघे टेकतात. तेवढा वेळ पंपावर कोणी शिंकलेलंही त्यांना खपत नाही.

त्याआधी माप ओलं करायचं. एकदा भरायचं, रिकामं करायचं, निथळू द्यायचं, मग खरी मोजणी. कारण कोरडं माप थोडं आपल्याच अंगाला लावून घेतं. "ओलं व्हवाशिवाय माप खरं बोलत नही, भाऊ," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. इथवर ठीक होतं. पण आप्पा माझ्या मुलीच्या बारशालासुद्धा वाढप्याला म्हणाले, पहिली पळी परत पातेल्यात टाक, आता दुसरी वाढ. वाढप्या अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

खापर गावाच्या बाजूला काम असलं की ते एसटीने जातात. माप बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून खिडकीपाशी बसवतात आणि त्याचं अर्धं तिकीट मागतात. कंडक्टर म्हणाला, सामानाला तिकीट नाही. आप्पा म्हणाले, मग त्याला उठवायचं नाही. अक्कलकुव्यापर्यंत माप बसून गेलं, दोन म्हाताऱ्या उभ्या गेल्या.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोची, ताराआक्कांची, मूत्रपिंडं बिघडली. डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाला एक लिटरच पाणी, जास्त झालं तर अंगावर सूज येईल, श्वास कोंडेल. डॉक्टरांनी हे नेमक्या माणसाला सांगितलं होतं. बाजारातली लिटरची बाटली पुरती लिटरची नसते, हे आप्पांनी घरी पोचताच सिद्ध केलं आणि बाटलीवर कानशीने स्वतःची रेघ मारली. चहा त्यातून वजा. रस्सा घट्ट. आक्का गल्लीत सांगत, मन्हा नवरा मले पंप समजस. मलाही त्यांचा राग यायचा. नंदुरबारच्या उन्हाळ्यात बाईमाणसाला घोटभर जास्त देताना या माणसाचा हात का अडावा, असं वाटायचं.

गेल्या मे महिन्यात दुपारी आप्पांनी आमच्या पंपावर गुडघे टेकले ते उठलेच नाहीत. आडवे झाले. आम्ही त्यांना सावलीत नेलं, तोंडावर पाणी मारलं. शुद्ध आली, तशी मी बाटली ओठांना लावली. त्यांनी तोंड घट्ट मिटलं.

"मन्हं आजनं पानी सरनं," ते म्हणाले.

मला काही कळेना. त्यांच्या पिशवीत घरी आक्कांसाठी होती तशीच एक बाटली निघाली, तशीच कानशीची रेघ असलेली, रिकामी. आक्का तिकडे तहानेल्या बसलेल्या असताना आपण इकडे घटाघट पाणी प्यायचं, हे त्यांच्याच्याने होत नव्हतं. दोन वर्षं हा माणूस उन्हातान्हात एका लिटरवर होता. दवाखान्यात सलाइन लावलं, तर हे आजच्यात धरायचं की उद्याच्यात, असं त्यांनी डॉक्टरला विचारलं. आणि मला बजावलं की तिला सांगायचं नाही.

मी सांगायचं ठरवलं. असंच चाललं असतं तर पुढच्या खेपेला माणूस हाती लागला नसता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी, आप्पा आत झोपलेले असताना मी आक्कांना ओसरीवर सगळं सांगितलं.

"मले ठाऊक शे," त्या म्हणाल्या. "म्हनीसन मी रोज बाटलीमा ग्लासभर ठेवस. संध्याकायले सांगस, मले तहान नही. मोजेल पानी फेकाले त्यासना जीव व्हत नही. पी टाकतस."

म्हणजे त्या लिटरभरातूनही त्या रोज एक ग्लास आप्पांसाठी मागे ठेवत होत्या. मी विचारलं, खरंच तहान नसते का? त्या नुसत्या हसल्या. ओठांना भेगा पडलेल्या होत्या.

मग त्या आत गेल्या आणि माठातलं पाणी घेऊन आल्या. उन्हातून आलेल्याला आधी पाणी द्यायचं राहून गेलं, म्हणाल्या. ग्लास काठोकाठ भरलेला होता. मी नको म्हणालो, तशा त्या रागावल्या, या घरातून कोणी कोरड्या तोंडाने जात नाही म्हणाल्या.

मी प्यायलो. त्या समोर बसून ग्लास रिकामा होईपर्यंत बघत होत्या.