सहा सेकंदांचा रोग

तुम्हाला खरं सांगतो, संगणकाला पळायला लावणं हा माझ्या डाव्या हाताचा मळ होता!

सन त्र्याण्णव. जळगावच्या आमच्या केळी संघात नवा कोरा संगणक आला होता आणि केळीचे रोग ओळखणारा प्रोग्राम मीच लिहिला होता. शेतकऱ्याने लक्षणं सांगायची, मी ती भरायची, मशीनने नियम लावून सल्ल्याचं पत्र छापायचं. एक नियम असा, की पानावर पिवळे पट्टे असतील तर रोग. दुसरा असा, की शेजारच्या बागेत रोग असेल तर या बागेतही धरावा.

भरलेली माहिती चुकीची निघाली, की तिच्यावर उभे असलेले सगळे निष्कर्ष मशीन मागे घेई. पण त्यासाठी ते प्रत्येक निष्कर्षाच्या मुळापर्यंत जाऊन तपासत बसे. पंचवीस मिनिटं!

"अरे, एवढ्यात मी भुसावळला पोचतो!" अध्यक्ष रतिलालभाऊ कावले.

"भाऊ, दहा सेकंदांत करून देतो!"

युक्ती साधी होती. मुळापर्यंत जायचंच कशाला? निष्कर्षाचं एक कारण गेलं, पण दुसरं एखादं शिल्लक असलं, तर तो राहू द्यायचा! दहा कसले, सहाच सेकंद लागले. मी आठवडाभर ऑफिसात नवरदेवासारखा चालत होतो.

सोमवारी असोद्याचे गिरधरआबा एक पान घेऊन आले. "साहेब, माह्या बांधावर सापडलं. पाहा बरं!" पानावर ठसठशीत पिवळे पट्टे. मी भरलं. मशीन म्हणालं, रोग! आबा खुर्चीत बसले ते उठेचनात.

दुपारच्या गाडीने त्यांची बायको बेबाबाई आली. तिने पदर ओला केला आणि पानावरून फिरवला. पान हिरवंगार!

"अहो, हयद हाये ही! पुतनीच्या हयदीचं पान मीच फेकलं बांधावर! तुमाले दिसत नाही का?"

आम्ही पोट धरून हसलो. मी 'पिवळे पट्टे' खोडले. सहा सेकंद. "जा आबा, निवांत झोपा!"

मंगळवारी ऑफिसात पोचलो तर शिपाई पत्रं घेऊन असोद्याला गेलेला. आबांना आणि त्यांच्या अकरा शेजाऱ्यांना एकच मजकूर: रोग आहे, झाडे उपटून जाळावीत!

मी मशीनला विचारलं, आबांकडे रोग का? उत्तर आलं: शेजारच्या झुलालच्या बागेत आहे म्हणून. बरं, झुलालच्या बागेत का? उत्तर: आबांच्या बागेत आहे म्हणून! हळदीचं पान केव्हाच गेलं होतं, आणि हे दोघे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे!

लुना दामटत असोदा गाठलं. बांधाच्या अलीकडे शेजारी झुलाल कोयता चालवतोय, पलीकडे आबा.

"थांबा! रोग नाही!" मी ओरडलो.

"मंग आबा कावून तोडू राह्यला?" झुलाल म्हणाला.

"आबा, तुम्ही का तोडताय? हळद तुमच्यासमोर पुसली ना!"

"पुसली खरी. पन झुलाल तोडू राह्यला! तो काय येडा हाये?"

माझा प्रोग्राम बांधावर धोतर नेसून उभा होता!

तेवढ्यात बेबाबाई आली. "दोन्ही कोयते इकडे द्या! रोगाचं झाड तुमच्यापैकी कोनी पाह्यलं का?" दोघांनी कोयते तिच्या हाती दिले. झुलालची चार झाडं आणि आबांची दोन, एवढ्यावर निभावलं.

मी ऑफिसात येऊन मुकाट्याने जुनाच प्रोग्राम घातला. पंचवीस मिनिटांत बाराही निष्कर्ष मागे! रतिलालभाऊंनी फक्त बोट असोद्याकडे केलं. म्हणजे, जा आणि घरोघर सांगून ये.

गेलो. हात जोडले, चूक कबूल केली, हळदीची हकीकत दहा घरी सांगितली, दहा घरी चहा प्यायलो. अकरावं घर चुडामणनानांचं. नानांनी सगळं शांतपणे ऐकलं, मान डोलावली. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

"पटलं, साहेब," नाना म्हणाले. "पन तुमी जयगावहून येऊन इतकं दारोदार फिरू राह्यले, म्हनजे काई ना काई असनच!"

आणि ते कोयता शोधायला आत गेले.