चौदा व्हॉलंटिअर आणि गुणाजी

शेजारच्या इमारतीतल्या एकट्या आजी बाथरूममध्ये पडल्या आणि ते दुसऱ्या दिवशी कळले, तेव्हा दिंडोशीच्या या सोसायटीत तातडीची मीटिंग भरली. पार्किंग, कुत्री आणि गटाराचे झाकण यांवर दीड तास भांडून झाल्यावर सेक्रेटरी सुयोगने मूळ विषय काढला.

"सिंपल आहे. एकट्या माणसाच्या दारावर नऊ वाजेपर्यंत दुधाची पिशवी लटकलेली दिसली, की व्हॉलंटिअरने बेल मारायची. दोन बेलला दार नाही उघडलं, तर मला फोन!"

व्हॉलंटिअर चौदा झाले. एकटा माणूस मात्र सोसायटीत एकच होता, तिसऱ्या मजल्यावरचे गुणाजी. बायको जाऊन चार वर्षे झालेली, मुलगा बंगळुरूला. तो दर रविवारी फोन करी आणि त्यातही अर्धा वेळ 'आवाज येतोय का?' यातच जाई.

त्यानंतर आठवडाभरातच गुणाजींना एकदा खरोखरच उशिरा जाग आली. बेल वाजली. दारात चौथ्या मजल्यावरची सपना.

"काय काका, घाबरवलंत ना! बरे आहात ना?"

"जरा डोळो लागलो गो. ये, चाय घे."

सपना वीस मिनिटे बसली. सासूपासून भाजीच्या भावापर्यंत सगळे बोलून गेली. कितीतरी महिन्यांनी त्या घरात दोन कप विसळले गेले.

दुसऱ्या दिवशी गुणाजी सहालाच उठले, अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पिशवी मुद्दाम बाहेरच ठेवून दाराआड खुर्ची टाकून बसले. बेल वाजताच त्यांनी दार उघडले.

"ठीक आहात ना? ओके, मग निघते. डबा व्हायचाय," म्हणून सपना गेलीसुद्धा.

चूक कुठे झाली ते गुणाजींच्या लगेच लक्षात आले. दार फार लवकर उघडले. काळजी मुरायला वेळच मिळाला नाही.

म्हणून तिसऱ्या दिवशी त्यांनी पहिली बेल सोडली, दुसरीही सोडली. तिसरीला उघडायचे ठरवले होते; पण नियमाप्रमाणे तिसरी बेल नव्हतीच. सपनाने सुयोगला फोन लावला आणि पाच मिनिटांत चौदाच्या चौदा व्हॉलंटिअर दारात जमले.

"गुणाजीकाका! ओ काका!"

आत गुणाजींचा ऊर भरून आला. एवढी माणसे आपल्याकडे! आता नुसते दार उघडून कसे चालेल? त्यांनी मोठे पातेले चढवले, माळ्यावरून बायकोचे स्टीलचे पेले काढले. आले किसायला घेतले, तेवढ्यात सुयोग ओरडला, "हटा सगळे, तोडा!"

दार चौकटीसकट आत आले. समोर इस्त्रीच्या शर्टात, हातात गाळणी घेऊन गुणाजी उभे.

"मेल्यांनो, मी येय होतंय मां!"

चहा मात्र सगळ्यांनी घेतला.

पुढचे दोन दिवस दार नव्हते. येणारा-जाणारा डोकावून विचारी, "जेवलात का काका?" समोरच्या दिशाची मुलगी येऊन गृहपाठ करून गेली. गुणाजींना दिवसभर दार उघडे असलेले मालवणातले घर आठवले. सुतार आला तेव्हा ते त्याला म्हणाले, "काय घाई नाय रे, सावकाश कर."

पण सुयोगने त्याच दिवशी दार बसवून घेतले आणि हॉलमध्ये एक कॅमेराही. "काका, आता चौदाही जणांना तुम्ही मोबाइलवर दिसणार. कुणी बेल मारायची गरजच नाही!" एवढे झाल्यावर नाही म्हणायला गुणाजींना तोंड नव्हते.

सकाळी त्यांनी दोन कप चहा केला आणि कॅमेऱ्यासमोर बसले. नऊ वाजता सोसायटीच्या ग्रुपवर चौदा अंगठे आले. गुणाजींनी दुसरा कप वर उचलून धरला.

"ये गो सपना."

तिच्याकडून लगेच एक हसरा चेहरा आला. चहा निवून गेला, तरी तो फोनवर हसतच होता.