बॅगेतले दोनशे चौदा

दुपारचं जेवण झालं की मास्तर सोफ्यावर आडवे होत, बायकोचा फोन छातीवर उभा धरत आणि बायकांचे कपडे बघत. कपडे विकणाऱ्या एका अ‍ॅपवर बायकोची बॅग होती आणि त्या बॅगेत दोनशे चौदा कपडे होते. त्यातला एकही तिने विकत घेतला नव्हता. मास्तर कटिंग मास्तर. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे कपडे बेतले. बायको फोन पुढे करायची, "हा बघा, अस्सा मला शिवून द्या." मास्तर म्हणायचे, "आधी गिऱ्हाइकांचं होऊ दे." मग ती तो कपडा बॅगेत टाकायची आणि म्हणायची, "टाकून ठेवते. विसरलो म्हणायची सोय नको तुम्हाला."

नऊ महिन्यांपूर्वी ती गेली. बॅग राहिली.

आता गिऱ्हाईकही नव्हतं आणि घाईही नव्हती. मास्तर एकेक कपडा उघडत. बाहीचा मुंढा कसा कापलाय, घेराला कापड किती लागेल, अस्तर आहे की नुसताच देखावा, सगळं बघत. बघता बघता डोळा लागायचा. अंगठा काचेवर तसाच टेकलेला. मधूनच तो जरा हलायचा, त्यामुळे फोनही बिचारा जागाच राहायचा.

एके दिवशी फोनवर निरोप आला. अ‍ॅप नव्या रूपात येतंय, एक तारखेपासून तीन महिन्यांहून जुन्या वस्तू बॅगेतून आपोआप निघून जातील. खाली एक हसरा चेहरा होता. मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चेहरा हसतच होता.

त्यांनी कंपनीला चार वेळा फोन लावला. चारही वेळा यंत्राने त्यांना ते किती मोलाचे आहेत ते सांगितलं आणि फोन ठेवून दिला. पाचव्या दिवशी कंपनीचाच फोन आला. आवाज एका मुलीचा होता.

"मॅडम आहेत का? आम्ही वापरणाऱ्यांशी बोलून अ‍ॅप सुधारतोय. मॅडम आमच्या सगळ्यात लाडक्या ग्राहक आहेत."

"ती नाही."

"कधी येतील?"

"ती वारली, बाई. नऊ महिने झाले."

मग मुलगी चाचरत म्हणाली, "पण काल दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी त्या..."

"तो मी."

मुलीने त्यांना मंगळवारी बोलावलं. बॅग वाचवायची हीच संधी, म्हणून मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

ऑफिसात भिंतभर एका तरुणीचं चित्र होतं. वय सत्तावीस. हातात कॉफी, मांडीवर मांजर. खाली लिहिलं होतं : स्वप्नाळू ताई. घाई नाही. प्रत्येक कपड्याशी नातं जोडते.

"ही कोण?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही," मुलगी खाली बघत म्हणाली.

पाहणीचं काम या मुलीचं. तिचे साहेब डिझाइनचे मुख्य. त्यांच्या चष्म्याची काडी तोंडात होती आणि पाच महिन्यांचं काम पणाला लागलं होतं. बाकीची गिऱ्हाइकं एक कपडा सहा सेकंद बघतात, ही ताई सत्तेचाळीस मिनिटं बघते, हा साहेबांचा शोध. त्यावर त्यांनी नवं अ‍ॅप उभं केलं होतं. एका वेळी एकच कपडा. तोही सावकाश, धुक्यातून आल्यासारखा.

"काका," साहेब पुढे सरसावले, "तीन तारखेला निळ्या ड्रेसवर तुम्ही सत्तेचाळीस मिनिटं होतात. त्या वेळी मनात काय चाललं होतं?"

"झोपलो होतो."

मुलीचं पेन थांबलं.

"आणि अकरा तारखेला? दोन तास दहा मिनिटं?"

"त्या दिवशी जेवण जरा जड झालं होतं."

साहेबांनी चष्मा घातला, काढला, परत घातला. "हे तुम्ही आणखी कुणाला सांगितलंय?"

"सर," मुलगी हळूच म्हणाली, "पाहणीतल्या बाकीच्या सात बायका सांगत होत्या ना, की बाहीची लांबी लिहा, आणि माप अंगाला बसेल असं द्या..."

"ते सगळेच सांगतात! त्यात नवीन काय?"

परवा मालकांपुढे सगळं मांडायचं होतं. तेव्हा साहेबांनी ठरवलं, की ताई आहे तशीच राहील. मास्तरांनी रोज दुपारी अ‍ॅप उघडायचं.

"झोपलात तरी चालेल," साहेब उदारपणे म्हणाले.

"आणि बॅग?"

"बॅगेला कोणी हात लावणार नाही. माझा शब्द."

साहेबांनी शब्द पाळला. हात लागला तो मास्तरांचाच. ताई अंगठा नेहमी उजव्या कोपऱ्यात खाली टेकवते, हा पाहणीतला दुसरा शोध. म्हणून नव्या अ‍ॅपात महत्त्वाची बटणं तिथेच आणली होती. 'सगळं काढा' हे त्यातलं एक. एक तारखेला दुपारी मास्तर जेवले, आडवे झाले, धुक्यातून एक कोट येऊ लागला, तो पुरता येण्याआधीच डोळा लागला. जाग आली तेव्हा बॅगेत शून्य होतं. शेजारी हसरा चेहरा.

मास्तर चपला घालून तडक निघाले. ऑफिसात त्यांच्या आधीच रडारड पोचली होती. मालकांनी वरून विचारलं होतं, नव्या अ‍ॅपच्या पहिल्याच दिवशी ताई सगळं टाकून का गेली?

"काका, रागावलात का आमच्यावर?" साहेबांनी चष्म्याची काडी चावत विचारलं.

"मला माझी बॅग द्या. होती तशी, होती त्या क्रमाने. पहिला निळा."

जुनी यादी सापडली. पण एका झटक्यात बॅग भरायची सोय नव्या अ‍ॅपात नव्हती. कारण धुक्याला प्राधान्य दिलं होतं. मग तिघं खुर्च्या ओढून बसले. बायकोचा फोन एकच, तेव्हा मास्तर यादी वाचणार, मुलगी खुणा करणार, आणि एकेक कपडा शोधून बॅगेत टाकणार स्वतः साहेब. आपलं अ‍ॅप वापरायची साहेबांची ही पहिलीच वेळ.

बाराव्या कपड्याला साहेब म्हणाले, "हे धुकं जरा लवकर नाही का हटत?"

तिसाव्याला ते म्हणाले, "अरे, मागे जायचं कुठून?"

सत्तराव्याला ते ओरडले, "माणसाने कपडे बघायचे तरी कसे इथे! आणि बाही केवढी आहे ते कुठे लिहिलंय?"

मुलगी शांतपणे लिहून घेत होती. "बोला सर, जे मनात येईल ते मोठ्याने बोला. इथे काही चूक-बरोबर नसतं."

एकशे नव्वदाव्या कपड्याला, एका लाल कोटावर, साहेबांची मान खाली आली. अंगठा काचेवर टेकलेला. मुलगी उठवायला गेली तर मास्तरांनी तिला अडवलं. "असू दे. नातं जोडतायत."

उरलेले चोवीस साहेब उठल्यावर झाले. दुसऱ्या दिवशी मालकांनी सगळ्यांना बोलावून साहेबांची पाठ थोपटली. ताई परत आली होती. एकटा लाल कोट तिने एक्कावन्न मिनिटं बघितला होता. नवं अ‍ॅप जिंकलं होतं. मुलीने लिहिलेली चार पानं साहेबांनी खणात ठेवली आणि खण बंद केला.

मास्तर मात्र त्या दिवसापासून दुपारी आडवे झाले नाहीत. बॅग एकदा हातची गेली, तेव्हा त्यांना कळलं होतं, की बघत बसायला फार वेळ नसतो. त्यांनी निळं कापड आणलं. माप घ्यायची गरज नव्हती. ते हातात होतं. सहा दिवसांनी त्यांनी मशीनवर झाकण टाकलं, फोन उघडला आणि बॅगेतला पहिला कपडा काढला.

पाचच मिनिटांत मुलीचा फोन आला. "काका, एक कमी झालाय! वर नुसती धावाधाव चाललीये. परत झोप लागली का?"

"नाही गं."

"मग? चुकून गेला?"

"चुकून कशाला," मास्तर म्हणाले. "शिवून झाला."