वरसे गावचा विक्रमी पाऊस

वादळ? येऊ दे की! रेडिओवर इशारा ऐकून अख्खं रोहा धास्तावलं होतं, पण शेजारच्या वरसे गावात पुंडलिकराव नवरदेवासारखे खुशीत होते!

त्याला कारण होतं. कंपनीतून निवृत्त झाल्यावर पुंडलिकरावांनी अंगणात पर्जन्यमापक रोवलं होतं. वर नरसाळं, खाली बाटली. रोज सकाळी पाणी मोजायचं आणि वहीत लिहायचं. पण पेणला, रामवाडीत, त्यांच्या व्याह्यांनी, हिरामणरावांनीही, तसंच यंत्र बसवलेलं! एका दिवसात चारशे बारा मिलिमीटर, हा हिरामणरावांचा विक्रम. भेटले की नमस्काराऐवजी म्हणायचे, "चारशे बारा!" सहा वर्षं पुंडलिकराव हे गिळत होते. एकदाच, फक्त एकदाच, त्यांना चारशे तेरा हवे होते.

आणि शहाण्णव सालच्या जूनमधल्या नेमक्या त्या सकाळी हिरामणराव पोह्यांचे पापड आणि सुनेचा, म्हणजे पुंडलिकरावांच्या लेकीचा, निरोप घेऊन हजर!

"बरं झालं आलात! विक्रम डोळ्यांनी बघा!" पुंडलिकराव म्हणाले आणि कामाला लागले. कौलांवर दगड, अँटेना खाली, मागलं दार खिळे ठोकून बंद. शेवटी नरसाळ्यावर घमेलं पालथं घालून वर भलामोठा धोंडा ठेवला.

"अवो, ह्याच्यावर कशाला?" त्यांच्या बायकोनं, विमलबाईंनी, विचारलं.

"माझ्या नोंदी सांगतात, आधी वारा, तासाभरानं पाऊस. वाऱ्यात पालापाचोळा आत जाईल. पाऊस लागला की काढायचं! डोकं लागतं गो त्याला!"

दुपारी वारा सुटला तो असा, की पुढचं दार बिजागऱ्यांवर नाचायला लागलं. पुंडलिकरावांनी फळी आडवी धरली. हातोडी बाहेर घमेल्यापाशी राहिलेली. "वरवंटा आण!" त्यांनी वरवंट्यानं सहा खिळे ठोकले. दार गप्प झालं. आणि त्याच क्षणी पाऊस कोसळला!

"घमेलं!" पुंडलिकराव किंचाळले.

तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की वरवंट्यानं खिळे ठोकता येतात, उपटता येत नाहीत. उलथनं वाकलं. विळीचं पातं निखळलं. खिडक्यांना गज. बाहेर घमेल्यावर धो धो ताशा वाजत होता.

"मोरू! अरे मोरू!" त्यांनी गजांतून शेजाऱ्याला हाक मारली. "घमेलं काढ रे!"

मोरूनं पलीकडच्या खिडकीतून हात हलवला. "व्हय, व्हय! आमीबी बरे हाव!"

"काय पाऊस हाय, व्याही!" हिरामणराव पापड मोडत म्हणाले. "असा आमच्याकडं पण नाय झाला. पाचशेच्या खाली नाय!"

पुंडलिकरावांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. सहा वर्षांनी हे वाक्य ऐकलं, तेही कोंडून घेतलेल्या घरात!

संध्याकाळी पाऊस थांबला. मोरूनं खिडकीतून हातोडी दिली. पुंडलिकराव चिखलातून धावले, धोंडा उचलला, घमेलं काढलं. बाटली कोरडी ठणठणीत! एवढ्या वादळात धोंडा तसूभर हलला नव्हता. तयारी चोख होती.

"लिवा की अंदाजानं," विमलबाई हळूच म्हणाल्या. "पाचशे लिवा. व्याही पण बोलले ना?"

"लिवा, लिवा! मी साक्षीदार," हिरामणराव हसू दाबत म्हणाले.

मोह मोठा होता. पेन पाचावर जाऊन थांबलं. पण ज्या माणसानं सख्ख्या भावाच्या तेराव्यालाही बाटली मोजूनच आकडा लिहिला, तो अंदाज कसा लिहिणार? त्यांनी पाच खोडला. हिरामणराव हसायचे थांबले. यानंतर त्यांनी चारशे बारा हा आकडा कधी काढला नाही, पण ते पुढचं.

त्या दिवसाची नोंद वहीत आजही आहे: 'पाऊस: शून्य मिलिमीटर. शेरा: अंगणातून व्याह्यांच्या दोन्ही चपला वाहून गेल्या.'