सत्तेचाळीस नंबरचं वाक्य

साहेबरावानं प्रबंधाची निळी, सोनेरी अक्षरांची प्रत खाटेवर टेकून बसलेल्या वडिलांच्या हातात दिली, तेव्हा त्यांनी आधी विद्यापीठाचं नवं नाव कुठं छापलंय ते विचारलं आणि त्यावरून बोट फिरवलं. बन्सीदादांना वाचता येत नव्हतं. पण त्या नावासाठी त्यांनी मोर्चात लाठ्या खाल्ल्या होत्या, हर्सूलच्या तुरुंगात सतरा दिवस काढले होते. नाव याच जानेवारीत मिळालं होतं आणि आता ऑगस्ट चालू होता. कारखान्याच्या भट्टीतल्या धुळीनं दादांची छाती अशी खाल्ली होती की डॉक्टर दिवाळीचं नाव काढायला तयार नव्हते.

"आता माझं नाव दाव," दादा म्हणाले. "हर्सूलला कैदी नंबर, कारखान्यात टोकन नंबर. लई नंबर झाले. पुस्तकात तरी नावानं असू दे."

प्रबंध खेड्यातून चिकलठाण्याच्या कारखान्यांत आलेल्या माणसांवर होता. एकशे बारा मुलाखती, त्यात एक घरचीच. साहेबरावानं हौसेनं एकशे तिसावं पान उघडलं. दादांच्या नावावर छापलं होतं, ‘या कामगारांना कामापेक्षा मोर्चाची हौस जास्त. चार दिवस उपाशी राहिले की येतात ताळ्यावर.’ हे मॅनेजरचं वाक्य होतं. दादांचं वाक्य त्याखाली, कारखान्याच्या मालकाच्या नावावर गेलं होतं. आणि कँटीनमध्ये भांडी घासणारी कडूबाई सांगत होती, ‘मी यंत्रं जर्मनीहून मागवली, कारण देशी यंत्रांवर माझा विश्वास नाही.’

"वाच की," दादा म्हणाले.

साहेबरावानं पानावर नजर ठेवली आणि पाठ होतं ते म्हणून टाकलं, "‘कारखान्याच्या पाण्याची पाइपलाइन आम्ही खांद्यावर वाहून टाकली. तिचं पाणी आमच्या वस्तीत यायला अकरा वर्षं लागली.’ बन्सी, भट्टी कामगार."

"असंच म्हणलो व्हतो," दादा समाधानानं म्हणाले. त्यांनी प्रत उशाशी ठेवली आणि ती काही केल्या परत देईनात. साहेबराव तसाच सायकल काढून निघाला. पुंडलिकनगरातून औरंगपुऱ्यात पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण अनवाणी आलोय.

तिथं त्रिंबकचं कॉम्प्युटरवर टाइप करून देण्याचं दुकान होतं. प्रबंधासाठी त्यानं पुण्याहून संदर्भ सांभाळणारं एक सॉफ्टवेअर आणलं होतं. माणसाची नोंद भरली की ते तिला आपणहून पुढचा नंबर द्यायचं. साहेबरावानं मजकुरात प्रत्येक वाक्यापुढं नुसता नंबर लिहायचा, जसा दादांचा सत्तेचाळीस, आणि छापताना त्रिंबकनं यादीत बघून तिथं नाव टाकायचं, असं ठरलं होतं.

"पण यादी अशी कशी फिरली?" साहेबराव ओरडला.

"फिरली नाय, सरकली," त्रिंबक थंडपणे म्हणाला. "चाळीस नंबरचे सर्जेराव सुपरवायझर आठवतात? नोकरी जाईल म्हणून त्यांनी नाव काढायला लावलं."

"काढलं. मग?"

"मग चाळीसची जागा रिकामी राह्यली. हे मशीन गेलेल्याचा नंबर दुसऱ्याला देत नाय. इथपर्यंत सगळं बराबर. पण गेल्या म्हयन्यात तुमच्या फ्लॉपीला बुरशी लागली. म्या सगळ्या नोंदी नव्या फाइलीत घेतल्या. नव्या फाइलीला काय माहीत सर्जेराव कोण? तिनं एकापासून सलग मोजलं. एक्केचाळीसवाला चाळीस झाला, त्याच्यामागचा एक्केचाळीस. सगळे एक-एक पायरी वर."

"आणि मजकुरात नंबर जुनेच असताना तू नव्या यादीतनं नावं टाकलीस!"

"जुनीला बुरशी व्हती ना, साहेब."

बहात्तर माणसांची वाक्यं दुसऱ्यांच्या तोंडी गेली होती. पुन्हा टाइप, पुन्हा छपाई, पुन्हा बाइंडिंग, वर विजेची कपात. त्रिंबकनं आठ दिवस मागितले. विद्यापीठात मुदत होती. दादांजवळ किती होती ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि साहेबरावाला त्याचीच धास्ती होती. ज्यांनी उभा जन्म मोर्चात घातला, त्यांच्या नावावर मोर्चेवाल्यांना उपाशी ठेवायची भाषा! हे घेऊन दादा गेले तर त्याला स्वतःचं तोंड बघवलं नसतं.

त्यातच रोज संध्याकाळी दादांना भेटायला गल्लीतली माणसं येऊ लागली. जो येईल त्याला दादा पुस्तक दाखवत. कुणी वाचायला चष्मा काढला की साहेबराव झडप घालून पुस्तक घ्यायचा आणि तोंडपाठ वाक्य म्हणायचा. घाबरलेल्या माणसाचं पाठांतर ते किती टिकणार? चौथ्या दिवशी तो चुकून ‘दहा वर्षं’ म्हणाला.

"काल अकरा व्हती," दादा खाटेवरून म्हणाले. "पानावरचं रातीतून पुसलं का काय?"

माणसं हसली. साहेबराव घामाघूम झाला. दादांना हसताना खोकल्याची उबळ आली आणि साहेबरावाची बायको भामा त्यांना पाणी पाजायला धावली.

सहाव्या दिवशी सकाळी दादा गेले. साहेबरावाला रडताही येईना. तो सारखा उशाजवळच्या त्या निळ्या पुस्तकाकडं बघत राहिला.

आठव्या दिवशी, कबूल केल्याप्रमाणे, त्रिंबकनं दुरुस्त केलेल्या प्रती घरी आणून दिल्या आणि मान खाली घालून परत गेला. साहेबरावानं दादांच्या फोटोसमोर बसून एकशे तिसावं पान उघडलं आणि वाक्य मोठ्यानं वाचलं, या वेळी खरोखर वाचून. मग मात्र त्याचा बांध फुटला.

"मी फसवलं गं त्यांना," तो भामाला म्हणाला. "पाच दिवस खोटं वाचून दाखवलं."

भामानं प्रत त्याच्या मांडीवरून उचलून फोटोसमोर ठेवली. "मामांना ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"तुम्ही त्या दिवशी अनवाणी पळालात, तवाच त्यांनी मला हाक मारली. म्हणले, ‘भामे, पोराचं तोंड उतरलंय, पानावर काय हाय ते खरं वाच.’ मी वाचलं. सगळं."

"काय म्हणाले?"

"आधी परत एकदा वाचायला लावलं. मग जे हसायला लागले, मला वाटलं आता श्वास अडकतो. म्हणले, ‘मॅनेजरचं पाप माझ्या नावावर आलं तर येऊ दे, मला वळखणारे वळखतात. पण पाइपलाइनचं मालक बोलला की गं! सव्वीस वर्षं त्याच्या तोंडून हे ऐकायची वाट बघितली.’ रोज तुम्ही बाहेर गेलात की मला तेवढंच वाचायला लावायचे. मालकाच्या नावासकट."

"मग मला सांगितलं का नाही?"

"शपथ घातली व्हती. म्हणले, पोराला लाज वाटंल."

साहेबरावानं डोळे पुसले आणि दुरुस्त पान पुन्हा जवळ घेतलं. सगळं जिथल्या तिथं होतं. दादांचं वाक्य दादांच्या नावावर होतं आणि त्याच्या खाली मालक जर्मनीच्या यंत्रांविषयी बोलत होता.